चार धोंड्यांची हद्द आणि आमची पिवळी

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही घेऊन आलेल्या मुलाला मी वर्गात उभं करून प्रश्न विचारायचे, आणि माझे प्रश्न संपायच्या आत त्याचं भूत पळालेलं असायचं. स्टाफरूममध्ये मला 'पुरावेवाल्या बाई' म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तुमच्या या सदरातले अनुभवसुद्धा मी वाचते ते बहुतेक वेळा त्यातली चूक शोधायला. आता माझ्या अनुभवातली चूक तुम्ही शोधा. मला चाळीस वर्षांत ती सापडलेली नाही.

आम्ही मुलुंडला पूर्वेला राहायचो. पूर्वेला म्हणजे स्टेशनजवळ नव्हे — हायवे ओलांडून पलीकडे, जिथे रस्ता संपून मिठागरं सुरू होतात तिथे. एका बाजूला मिठाचे वाफे आणि त्यांचे मातीचे बांध, त्यापुढे तिवरांची झाडी आणि खाडी. दुसऱ्या बाजूला, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, कचऱ्याचा डोंगर. वारा तिकडून आला की आई जेवणाची ताटं झाकून ठेवायची.

बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. परळची खोली काकांच्या नावावर होती, तिथे किती दिवस राहणार? मिठागराचा मुकादम आमच्या गावाकडचा — मालवणजवळचा. बांधांवर लक्ष ठेवायचं या बोलीवर त्याने झोपडीपुरती जागा दिली. बाबांनी दोन शेळ्या आणल्या. दोनाच्या दोन वर्षांत चौदा झाल्या. शेळीचं दूध स्टेशनजवळच्या काही घरांत रतीबाने जायचं, आणि त्याच दुधावर मी बारावी सायन्सला होते. गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस हातात काठी घेऊन शेळ्यांमागे फिरतो याची मला तेव्हा लाज वाटायची. कॉलेजात मी सांगायचे, वडील मिठाच्या कंपनीत आहेत.

आणि पिवळी होती. हायवेवर कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू आईने उचलून आणलं होतं. अंगाने बारीक, रंगाने हळदीसारखी, एक डोळा जरासा लहान. तिला कुणी काही शिकवलं नाही. सकाळी शेळ्या बाहेर पडल्या की ती मागे, दुपारी परत आल्या की ती बांधावर जाऊन बसायची, तोंड कचऱ्याच्या डोंगराकडे करून. आमची जेवणं होईपर्यंत तिथून हलायची नाही.

कारण तिकडून कुत्रे यायचे. यांना भटके म्हणू नका. गल्लीतला भटका कुत्रा माणसाला ओळखतो, दगड उचलला की पळतो, बिस्कीट टाकलं की शेपूट हलवतो. हे कचऱ्यावर जन्मलेले, तिथे टाकलेल्या मेलेल्या गुरांवर वाढलेले. माणसाच्या हातचा तुकडा त्यांनी कधी खाल्ला नव्हता. भुंकायचे नाहीत, हे सगळ्यात वाईट. दिवसाढवळ्या यायचे, चार-पाच जण समोरून शेळ्यांना उठवायचे आणि बाकीचे मागून एकीला वेगळी काढायचे. पिवळी जिवावर उदार होऊन मध्ये पडायची, पण ती एकटी आणि ते अकरा.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन महिन्यांत आमच्या पाच शेळ्या गेल्या.

आम्ही काय केलं नाही? बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं — ते खालून उकरून आत शिरले. सुतळी बॉम्ब फोडले. पहिल्या दिवशी पळाले, तिसऱ्या दिवशी आवाज झाल्यावर मान वळवून नुसते बघत राहिले. अर्ज करून कुत्रे पकडणारी गाडी बोलावली, पण गाडी हायवेवरून खाली उतरेना, चिखलात चाक घालणार तरी कसं? शेजारच्या मिठागरावर पहारेकरी म्हणून जाधवकाका होते, साताऱ्याकडचे. त्यांनी विषाची गोळी मटणात घालून टाकायचं सुचवलं. बाबा नाही म्हणाले. पिवळीने ते मटण खाल्लं असतं.

उरल्या नऊ. त्यातल्या तीन गाभण. या नऊ गेल्या असत्या तर मुंबई सुटली असती, माझं कॉलेज सुटलं असतं, आणि बाबांना गावाला जाऊन भावांच्या दारात उभं राहावं लागलं असतं. हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो. पण बाबांचं जेवण तुटलं होतं. ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि बाहेर जाऊन शेळ्या मोजायचे. नऊच्या नऊ दिसल्या तरी पुन्हा मोजायचे. मला त्यांची दया यायच्या ऐवजी राग यायचा. माणूस हतबल झाला की घरातल्यांना त्याची भीती वाटते, आणि त्या वयात मला भीती दाखवता यायची नाही म्हणून मी चिडायचे.

एका शनिवारी बाबा म्हणाले, "फाल्यां राखण देतलंय." फाल्यां म्हणजे उद्या.

आमच्याकडे कोकणात प्रत्येक गावाच्या हद्दीला एक राखणदार असतो. त्याला वर्षातून एकदा कोंबडा-नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात — म्हणजे घरातला कर्ता मोठ्याने त्याला सांगतो की बाबा, अमुक तमुक सांभाळ. आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गावात आमच्या आजोबांना गाऱ्हाण्याचा मान होता. बाबांनी लहानपणी शेजारी उभं राहून ते ऐकलेलं होतं, म्हणून शब्द त्यांना पाठ.

मी म्हटलं, "बाबा, गावचा राखणदार मुलुंडला कसा येणार? त्याला पत्ता माहीत आहे का?"

"तू गप रव," आई म्हणाली. "सगळा करून झाला. ह्याव करूंदेत."

रविवारी बरोबर दुपारी बारा वाजता बाबांनी झोपडी आणि तिला लागून असलेला कुडाचा गोठा यांच्या चार कोपऱ्यांना चार काळे धोंडे ठेवले. शेळ्या आत गोठ्यात. बाबा मधोमध उभे, हातात नारळ, पायाशी कोंबडा. भाऊ नाही मला, आई चुलीजवळ, तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची ट्यूटोरियल होती आणि मी उन्हात धोंड्यांमध्ये उभी. मनातून इतकी वैतागले होते की विचारू नका.

सुरू करण्याआधी, आपली माणसं-जनावरं सगळी आत आहेत ना, हे विचारायची एक रीत असते. बाबांनी विचारलं, "सुमे, आपली सगळी भितुर असत मा?"

"व्हय," मी म्हटलं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग गाऱ्हाणं झालं. ह्या लेकराने पोटासाठी गाव सोडला, हात सोडू नको, चूकभूल पोटात घाल... व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. शेवटी बाबांचा आवाज चढला. "ह्या हद्दीत भितुरला मुका जनावर भायर जावचा नाय, नि भायरला मुका जनावर भितुर येवचा नाय. तशी राखण कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

आजोबा गावात हेच म्हणायचे. पण गावाची हद्द म्हणजे गावाची — त्यात कुरणं, पाणंद, डोंगर, ओहोळ सगळं आलं. गुरं सकाळी सुटून संध्याकाळी परतायची ती हद्दीच्या आतच. बाबांनी आजोबांचे शब्द जसेच्या तसे उचलले आणि झोपडीभोवतीच्या चार धोंड्यांना लावले. आमची चरायची जागा धोंड्यांच्या बाहेर होती.

आणि पिवळी बांधावर बसलेली होती. बाहेर. तिची रोजची जागा, रोजचं काम.

पहिलं लक्षात आलं ते अर्ध्या तासात. जेवणं झाली, आईने हाक मारली, पिवळी धावत आली आणि धोंड्यांच्या रेषेवर थांबली. एकदम. समोर काच असावी तशी. आईने भाकरी दाखवली. ती कुंई कुंई करत रेषेच्या कडेकडेने फिरली, चारी बाजूंनी फिरली, पण आत पाय टाकेना. "काट्याक भियाली असतली," आई म्हणाली आणि भाकरी बाहेर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गोठा उघडला. शेळ्या नेहमीसारख्या ढकलाढकली करत निघाल्या आणि रेषेपाशी नऊच्या नऊ थांबल्या. बाबांनी हाकललं, ओढलं, शेवटी काठी उगारली. पुढची शेळी गुडघे टेकून बसली, पण पुढे जाईना.

कुत्रे त्या दिवशी आले होते. अकराही. बांधाच्या पलीकडे ओळीने बसले, बराच वेळ बघत राहिले आणि निघून गेले. एकानेही रेषेकडे पाय टाकला नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?" माझी नजर त्या गुडघ्यावर बसलेल्या शेळीवर होती.

मी सायन्सची विद्यार्थिनी. मी प्रयोग केले. शेळ्या घाबरल्यात, समोर कुत्र्यांचा वास आहे, म्हणून थांबतात — हे माझं पहिलं म्हणणं. म्हणून मी एका शेळीचे डोळे ओढणीने बांधले, नाकाला राखेची चिंधी लावली आणि तिला गोल गोल फिरवून वेगळ्याच बाजूने नेलं. ती त्याच रेषेवर थांबली. मी एक धोंडा दहा पावलं बाहेर सरकवला. काही फरक नाही. धोंडा सरकला, रेषा नाही सरकली. तिवराचा पाला रेषेपलीकडे वीतभर अंतरावर ठेवला. शेळ्या मान लांब करायच्या, जीभ बाहेर काढायच्या आणि तिथेच कण्हत राहायच्या.

मग बाबांनी सगळ्यात लहान शेळी उचलून बाहेर नेली. दोन पावलांत ती लाकडासारखी ताठ झाली, डोळे फिरले, श्वास थांबला. बाबा घाबरून मागे आले. आत येताच तिने एक मोठा श्वास घेतला आणि बाबांच्या शर्टाची कॉलर चावायला लागली. आम्ही माणसं मात्र आत-बाहेर करत होतो, कावळे येत-जात होते, कुणाला काही नाही. पायातून काही जाणवतंय का म्हणून मी चप्पल काढून रेषेवर उभी राहिले. गरम माती, बस्स.

त्या दिवसापासून आमचं जे सुरू झालं ते मी कसं सांगू... नऊ शेळ्यांचं खाणं माणसांनी डोक्यावरून आणायचं. बाबा पहाटेपासून कोयता घेऊन तिवरं आणि बाभळी तोडायचे, आई हायवेपलीकडच्या नळावरून पाण्याचे डबे आणायची, मी कॉलेज सोडून भारे वाहायचे. जाधवकाकांना आम्ही सगळं सांगितलं. ते बाबासाहेबांना मानणारे, असल्या गोष्टींना थारा न देणारे. त्यांनी स्वतः एक शेळी उचलून बघितली, ती ताठ झाल्यावर खाली ठेवली आणि घाम पुसला.

"मला ह्यातलं काय बी पटत न्हाई," ते म्हणाले. "पर पटू न पटू, जनावराला खायाला लागतंया. चला, एक भारा मी आनतो."

रोज आणायचे ते. पण नऊ शेळ्यांचं पोट तीन-चार माणसांच्या डोक्यावर कसं भरणार? चौथ्या दिवशी दूध आटलं. पाचव्या दिवशी एक गाभण शेळी आडवी झाली ती उठलीच नाही. कुर्ल्याच्या खाटकाला निरोप धाडला, निदान विकून टाकू. तो आला, एकीला ओढत रेषेपर्यंत नेलं, तिचं ताठ होणं बघितलं आणि रोगट माल म्हणून परत गेला. कुत्र्यांपासून वाचवलेल्या शेळ्या आमच्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होत्या. आणि सोडवायचं कसं हे बाबांना ठाऊक नव्हतं. गावात राखण कधी कुणी सोडवलीच नव्हती, तशी वेळच आली नव्हती. बाबांनी रेषेच्या आत उभं राहून हात जोडून, नाक घासून, रडून सगळं करून बघितलं. काही झालं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी गावच्या म्हाताऱ्या गावकराला, म्हणजे देवाधर्माचं बघणाऱ्या मानकऱ्याला, पत्र घातलं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शेळ्या बाहेर पडत नाहीत, शब्द मागे कसा घ्यायचा ते कळव — इतकंच. पिवळीचं नावही त्यात नव्हतं.

पिवळी रेषेवरच होती. तिला मी दोनदा जाधवकाकांच्या चौकीवर नेऊन बांधली. दोन्ही वेळा दोरी कुरतडून परत आली. दिवसभर रेषेला पाठ लावून बसायची, तोंड डोंगराकडे. मी आतून भाकरी टाकायचे. तिला आत यायचं होतं, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी ती रेषेपाशी नाक नेऊन गोठ्याचा वास घ्यायची आणि तशीच झोपायची. मी तिच्यापासून हातभर अंतरावर आत बसायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, मी मागे वळून बघितलं असतं तर? एक मान वळवायची होती फक्त. कुणाला सांगणार? ज्या मुलीचा त्या गोष्टीवर विश्वासच नाही तिने 'माझ्यामुळे झालं' म्हणून रडायचं तरी कोणत्या तोंडाने.

सातव्या दिवशी दुपारी ते झालं. बाबा आणि जाधवकाका तिवर तोडायला खाडीकडे गेले होते. आई पाण्याला. मी एकटी होते.

अकराही कुत्रे बांध उतरून आले. या वेळी बसले नाहीत. शेळ्या मिळत नाहीत हे त्यांना कळलं असावं. पिवळी मिळत होती. ती उठून उभी राहिली आणि गुरगुरायला लागली. मी काठी घेऊन बाहेर धावले, ओरडले, दोघांच्या पाठीत काठी घातली. एकाने काठीच तोंडात धरून ओढून नेली. मग मी पिवळीला उचललं आणि आत वळले.

रेषेवर पाय पडला आणि ती माझ्या हातात ताठ झाली. हृदय बंद. मी दोन पावलं आत गेले — म्हटलं होईल ते होईल, शेळीसारखी सावरेल. नाही सावरली. शेळ्या आतल्या होत्या, ही बाहेरची होती. जीभ काळी पडत चालली. मी परत बाहेर आले. तिने श्वास घेतला. कुत्रे चार हातांवर.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, एका माणसाशिवाय. मी तिला खाली ठेवलं. खाली ठेवलं आणि आत पळाले.

कुत्रे माझ्या मागे आले नाहीत. त्यांचं काम रेषेच्या बाहेरच झालं. मी हातभर अंतरावर उभी होते आणि आतून हातात येईल ते फेकत होते. दगड, डबा, शेवटी बाबांच्या नारळाच्या करवंट्यासुद्धा. सगळं किती वेळ चाललं सांगता येत नाही. बाबा आले तेव्हा कुत्रे गेलेले होते. बाबांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि रेषेला लागूनच, बाहेरच्या बाजूला, खड्डा करून पुरलं. आत आणायचा प्रयत्नही केला नाही. मी सांगितलं, मी बाहेर पोहोचायच्या आधीच झालं होतं. त्यांनी मान हलवली.

दोन दिवसांनी गावकराचं उत्तर आलं. पोस्टकार्ड, वाकडं अक्षर. शब्द ज्याने घातला त्याने हद्दीबाहेर उभं राहून मागे घ्यायचा. पण त्याआधी आपल्यातलं जे कोण बाहेर राहिलंय त्याला आत घ्या, त्याशिवाय तो सोडणार नाही.

मी ते कार्ड चार वेळा वाचलं. आपल्यातलं कुणी बाहेर राहिलंय हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

बाबा बराच वेळ त्या मातीपाशी बसून होते. मग त्यांनी वरची मूठभर माती उचलली आणि रेषा ओलांडून आत आणली, गोठ्याच्या दारात ठेवली. कुणाला काही झालं नाही. परत बाहेर गेले, हात जोडले आणि गाऱ्हाणं मागे घेतलं. मी आतून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. या वेळी चारी बाजूंना बघून म्हटलं.

आठ शेळ्या चालत बाहेर पडल्या. जणू नऊ दिवस मध्ये गेलेच नव्हते. बाबांनी त्याच संध्याकाळी त्या खाटकाच्या हवाली केल्या, एकही ठेवली नाही. पुढे त्यांना भांडुपला एका कारखान्यात पहारेकऱ्याचं काम मिळालं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. मला कॉलेजने परत बसू दिलं. मी शिकले, शिक्षिका झाले आणि आयुष्यभर मुलांना पुरावे मागत राहिले.

स्पष्टीकरणं मी खूप शोधली. एका पशुवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, भीतीने काही शेळ्या ताठ होऊन पडतात, तशी जातच असते. असेल. पण आमच्या त्या जातीच्या नव्हत्या, आणि धोंडा सरकवल्यावर रेषा का सरकली नाही? डोळे बांधलेल्या शेळीला कसं कळलं? कुत्र्याला कोणती जात? दर वेळी मी इथपर्यंत येते आणि पुढे रस्ता नाही. मी आजही राखणदार मानत नाही. पण नाही म्हणायला जी खात्री लागते ती माझ्याकडे उरलेली नाही.

बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, मी पाय चेपत होते. ते एकदम म्हणाले, "सुमे, तू व्हय म्हटलंस तेव्हा माका ती दिसत होती."

"कोण?"

"पिवळी. तुझ्या पाठी, बांधार. माका दिसत होती नि मी पुढे चालू केलंय."

माझे हात थांबले. "मग मला सांगितलं का नाहीत? हाक मारली असती."

"वाटला, भायर रवली तर बरी राखण करतली." ते छताकडे बघत होते. "मीच तिका भायर ठेवलंय. तुझो दोष नाय. तुका सांगूक होया होता, राहून गेला."

वीस वर्षं. वीस वर्षं आम्ही दोघं एकाच घरात एकाच गोष्टीची बोच घेऊन जेवत होतो आणि एकमेकांना मीठ वाढत होतो. मग मीही सांगितलं. तिला उचललं होतं, जिवंत होती, आणि मी खाली ठेवलं.

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"ठेवलंस तेव्हा तुझ्याकडे बघी होती काय गो ती?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्याकडे बघत होती. कुत्र्यांकडे. माझ्याकडे पाठ होती."

"म्हणजे तुझी राखण करी होती," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.